ग्रहणातलं वांगं

ऐंशी सालच्या ग्रहणात पोटुशी असताना वांगं चिरलंस, म्हणून पोरगी अशी मंद निपजली, हे सासूचं बोलणं बायडाबाई आठ वर्षं ऐकत होती. शेवटी तिच्या नवऱ्याचं, भीमसेनचं, डोकं फिरलं. तो बेळगावच्या एका कॉलेजात जीवशास्त्र शिकवायचा. रविवारी त्यानं बायकोला प्रयोगशाळेत नेलं आणि सूक्ष्मदर्शकाखाली पावाचं यीस्ट ठेवलं.

“बघ, ह्या पेशीला कळी फुटलीया. आतल्या गुणसूत्रांची नक्कल पुरी झाल्याबिगर ती दोन होत न्हाय, थांबून ऱ्हाती. माणसात कधीकधी वाटणी चुकती आणि एक गुणसूत्र जादा जातं. आपल्या विमलचं तेच झालंय. ग्रहणाचा काय संबंध?”

बायडाबाई लई वेळ भिंगाला डोळा लावून बसली.

“एवढासा जीव थांबतोय,” ती म्हणाली, “मग माझंच अंग का थांबलं न्हाय वो?”

ही चूक बापाकडूनही होऊ शकते, हे भीमसेनला ठाऊक होतं. शब्द पार ओठापर्यंत आले.

“ग्रहण तरी वरनं आलतं,” पदरानं डोळे पुसत ती म्हणाली. “हे तर माझ्यातनंच आलं.”

भीमसेननं सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केला.