रिव्हर्स काका

“पाहा, कशी चढून राहिली! आता बोला, चंपतराव.” ओमप्रकाश सेठने डॅशबोर्डवर थाप मारली.

कांद्याच्या पोत्यांनी भरलेली त्याची डिझेल व्हॅन गोदामामागचा चढ सहज चढली होती. चालवत होते चंपतराव. मागे पोत्यांवर मेकॅनिक अंकित बसला होता. इंजिनाला जास्तीचा जोर देणाऱ्या टर्बोचं नियंत्रण करणारा बोटभर रबरी पाईप त्याने सकाळी बदलला होता. दुरुस्ती खरी की खोटी, ते भरल्या गाडीतच कळतं, म्हणून ही फेरी.

“गाडीत काही दोष नाही. दोष तुमचा.”

“पाईप आज बदलला, सेठ. परवा फाटकाच होता.”

“एवढ्याशा नळीनं गाडी मागं येते काय? वय झालं, पाय कापते तुमचे. मानून टाका.”

चंपतरावांची कानशिलं तापली. परवा पुलाच्या चढावर गाडीचा जोर संपला, ती मागे घसरली आणि टरबुजांचा ठेला फुटला. ठेलेवाला थोडक्यात वाचला. सेठने चारचौघांत ‘ड्रायव्हर म्हातारा झाला’ म्हणून हात झटकले. तेव्हापासून कळमना बाजारातले हमाल त्यांना रिव्हर्स काका म्हणू लागले. आणि आता दुरुस्ती चांगली झाली, हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा ठरत होता.

त्यांनी खिशातून जुना पाईप काढला. “अंकित, हा परत लाव.”

“काहून, काका? फाटका हाये ना तो.”

“लाव म्हणतो ना! अन् सेठ, आता तुम्ही चालवा. तुमचे पाय तर नाही ना कापत?”

सेठ हसला. “लाव गा, अंकित. होऊ दे यांचं समाधान.”

गाडी खाली आणून सेठ स्टिअरिंगवर बसला, चंपतराव शेजारी. चढावर दुसरी गाडी नव्हती. अंकित लाकडी ओंडका घेऊन मागच्या चाकाशेजारून चालू लागला. निम्म्या चढावर इंजिन गुदमरलं. सेठने अॅक्सिलरेटर दाबला, आणखी दाबला. गाडी बंद पडली, ब्रेकही धरेना आणि ती मागे सरकली.

“अबे अंकित! ओंडका टाक!” सेठ किंचाळला.

चाक ओंडक्याला टेकलं. सेठने कपाळ पुसलं.

“बरं बाबा, गाडीचाच दोष होता. झालं?”

“मले काहून सांगता? हमालायले सांगा.”

“सांगतो ना.”

अंकितने नवा पाईप पुन्हा बसवला. बाजाराच्या फाटकापर्यंत सेठनेच गाडी आणली.

“रिव्हर्स काका आले रे! मागून बाजूले व्हा!” एक हमाल ओरडला. हशा पिकला.

चंपतरावांनी सेठकडे पाहिलं. सेठने काच वर केली.

चंपतरावांनी हात लांबवून चावी फिरवली आणि काढून घेतली. गाडी फाटकातच थांबली. मागे ट्रकांचे हॉर्न सुरू झाले.

“काय करून राहिले? चावी द्या!”

“उतरा,” चंपतराव म्हणाले. “सांगा त्यायले.”

चावी मुठीत धरून ते समोर पाहत बसले. पाय आता खरंच कापत होते. त्यांनी ते कापू दिले.