ओवीची तयारी

"मुलांच्या आयुष्याचे निर्णय शांत डोक्याने घ्यायचे असतात," असं म्हणून विश्वेशने मुंबई नाक्यावर हॉर्नवर तळवा ठेवला तो उचललाच नाही. मागच्या सीटवर सहा वर्षांच्या ओवीने कान झाकून डोकं गुडघ्यांत घातलं.

"दिसलं शांत डोकं," हर्षाली म्हणाली. विश्वेशने हात काढला.

ओवीला ऑटिझम आहे, यावर नवरा-बायकोचं एकमत व्हायला वर्ष गेलं होतं. थेरपी कुठली, यावर अजून व्हायचं होतं. विश्वेशला टेबल-खुर्चीवरची हवी होती: प्रश्न, उत्तर, बक्षीस. हर्षालीला जमिनीवर बसून खेळता खेळता शिकवणारी.

"तुला मांडी घालता येत नाही ना, म्हणून टेबल."

"आणि तुला शिस्त नको, म्हणून जमीन."

ते निघाले होते त्या संस्थेत दोन्ही होत्या, जागा मोजक्या. कुठली द्यायची, ते आजच्या तपासणीनंतर प्रतिभा मॅडम सांगणार होत्या.

तपासणी म्हटल्यावर दोघांनी केजीच्या ॲडमिशनला सगळे करतात तेच केलं. महिनाभर तयारी करून घेतली. नाव काय, लाल कुठला, माझ्याकडे बघ. दर उत्तराला एक मनुका. एवढ्या एका बाबतीत घरात मतभेद नव्हते.

तपासणीत ओवीने नाव सांगितलं. लाल ठोकळा उचलला. मॅडमच्या डोळ्यांत बघितलं, आईच्या डोळ्यांत बघायची त्याहून जास्त वेळ.

"घरी कशी असते?" मॅडमनी विचारलं.

"अशीच," विश्वेश म्हणाला. "एकदम शहाणी."

मॅडमनी हर्षालीकडे बघितलं. तिच्या मनगटावर ओवीच्या दातांचे वण होते. हर्षालीने कुर्त्याची बाही खाली ओढली.

"हो. अशीच."

"छान आहे मग. जास्त त्रास असलेल्या मुलांना आम्ही आधी घेतो. हिला सहा महिन्यांनी बघू."

"थँक्यू, मॅडम," विश्वेश पहिला नंबर आल्यासारखा म्हणाला.

गाडीत बसल्यावर त्याने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

"परत जाऊन सांगू या," हर्षाली म्हणाली.

"काय सांगणार? पाठ करून आणलं होतं?"

"तेच."

"हसतील."

"हसू देत की."

मागे ओवी पुढच्या सीटच्या पाठीला विचारत होती, "नाव काय? ओवी." तिने तळहात पुढे केला. बराच वेळ त्यावर काही पडलं नाही, तेव्हा तिने तो तोंडात घालून कचकन चावला.

हर्षाली तिला कडेवर घेऊन जिना चढली. मागोमाग विश्वेश.

आत पुढच्या मुलाची तपासणी चालू होती. खुर्ची पाडून तो भोकाड पसरून रडत होता. यंदाची शेवटची जागा त्याला मिळाली.