कप्तानाचे पाच पाहुणे

कुलपाशआपाचं डोकं सकाळपासून तापलेलं होतं, आणि त्यात उन्हाचा काही दोष नव्हता. ऊन तर लबाडासारखं छान कोवळं पडलं होतं!

खिवाच्या खानावर चालून निघालेल्या रशियन फौजेनं सामान वाहायला तिच्या अदाय टोळीतल्या लोकांचे उंट धरून आणले होते. इतरांनी उंटांसोबत गडी पाठवले. आपाकडे गडी नव्हता, आणि असता तरी तिनं त्याच्यावर भरवसा ठेवला नसता. चार उंट, तेवढाच तिचा संसार. म्हणून ती स्वतःच आली होती. आणि आता ही शहाणी फौज दरीचा आडोसा सोडून उघड्या पठारावर निघणार होती, तीही वसंतातल्या नेमक्या याच दिवसांत! उंटांची लोकर नुकतीच उतरवलेली. वारा फिरला की खेळ खलास.

ती तरातरा कप्तान त्रेपीखिनच्या तंबूत घुसली.

"सांग यांना," ती दुभाष्यावर खेकसली, "आज हलू नका. बेस कोनाक येतायत."

दुभाष्या सादीक मिर्झा तातार, जन्म शहरात गेलेला. बेस म्हणजे पाच, कोनाक म्हणजे पाहुणा, एवढं त्याला कळत होतं. एवढंच कळत होतं, हीच तर पंचाईत!

"साहेब, पाच पाहुणे येताहेत म्हणते."

कप्तान ताडकन उठला. "खानाची माणसं? शरण यायला?"

"आपा, कुणाची माणसं?"

"कुणाची म्हणजे? दरवर्षी येतात ते!"

"दरवर्षी येतात, साहेब."

आपानं कपाळावर हात मारून घेतला. "अरे, ते मेलेत! फार पूर्वी पाच पाहुणे होते. यजमान म्हणाला, थांबा, हवा फिरेल. ऐकलं नाही, निघाले, वाटेत गारठून मेले. तेव्हापासून या दिवसांतल्या वादळाला..."

"साहेब," सादीक पांढराफटक पडत म्हणाला, "पाचही जण मेलेले आहेत."

"मेलेले पाहुणे येताहेत?" कप्तान ओरडला. "म्हातारीला ऊन लागलंय! उंट लादा!"

'उंट लादा' एवढं रशियन आपाला एव्हाना पाठ झालं होतं. आयुष्यात कधी खोटं बोलली नव्हती ती. पण खरं बोलून काय दिवे लागले, ते समोरच दिसत होतं.

"थांब! मेले ते मागचे. आत्ता येतायत ते जिवंत आहेत. खानाचा मामा आहे त्यांच्यात!"

झालं! लादणं रद्द. गालिचे अंथरले, चहाचा समोवार चढवला, कप्तानानं दाढी करून छातीवर सगळी पदकं लावली.

दुपारी वारा उलटला. आधी चिखलासारखा पाऊस, मग बर्फ, मग पुढचं काही दिसेना. आपानं उंट कड्याच्या पोटाशी दाटीनं बसवले, पाठींवर लोकरीचे जाड नमदे बांधले आणि स्वतः त्यांच्यामध्ये शिरून बसली. वादळ कसलं, मुक्कामालाच आलं होतं मेलं!

अखेर काही दिवसांनी उघडलं. चारही उंट शाबूत! पण दरीतला चारा मुळासकट संपला होता, उंट भुकेनं कोकलत होते, आणि कप्तान पदकं लावून खुर्चीत बसलेला.

"साहेब म्हणतात, मामांची वाट पाहू," सादीक म्हणाला. "वादळात अडकले असतील बिचारे."

"बिचारे? आणि माझे उंट काय तुझा तंबू खातील? सांग त्यांना, पाहुणे येऊन गेले!"

"अहो आपा, कधी?"

"वादळात. साहेब घोरत होते. रुसून गेले."

कप्तान किंचाळलाच. "मला उठवलं का नाही? कुठे गेले?"

आपानं हात लांब करून दाखवला. तिकडे पुढची विहीर होती, आणि विहिरीभोवती हिरवा पाला.

"निघा! गाठा त्यांना! माफी मागायची आहे!"

शिपाई धावत सुटले. घोडे, पेट्या, समोवार, एकच गोंधळ.

"अरे हळू आवळ, मुडद्या," उंटावर दोर आवळणाऱ्या एका शिपायाच्या पाठीत धपाटा घालत आपा ओरडली, "त्याच्या अंगावर लोकर नाहीये!"