वाट वाकडी करून

या खेपेला गुरुदत्तनं मुलीला शब्द दिला होता. लागोपाठ दोन उन्हाळे सुट्टी कॅन्सल झाली होती. एकदा कंपनीची नवी चिप बाजारात जायची होती म्हणून, आणि एकदा ती बाजारात जाऊन परत आली म्हणून. कंपनी सांता क्लाराला, घर फ्रीमाँटला. मुलं उठायच्या आत तो फ्रीवेवर असायचा आणि परतायचा तेव्हा ती पेंगुळलेली असायची. अकरा वर्षांची नीला आताशा त्याच्यावर रागावतही नसे. ‘इट्स ओके, बाबा,’ म्हणून मोकळी व्हायची. त्या ‘ओके’पेक्षा तिचं रागावणं त्याला परवडलं असतं.

म्हणून या उन्हाळ्यात सायकली. सांताक्रूझला गाडी ठेवायची आणि समुद्राच्या कडेकडेनं चौघांनी रमतगमत मॉन्टरेपर्यंत जायचं. चार दिवस, मुक्काम तंबूत. कल्पना नीलाचीच. तिनं नकाशावर किनाऱ्यालगत लाल पेन्सिलीनं रेघ ओढली होती, आणि धाकट्या कुमारला चढावर गिअर कसा बदलायचा तेही शिकवून ठेवलं होतं.

मग गुरुदत्तनं फोन उचलला, आणि तिथंच माशी शिंकली.

त्याचं म्हणणं एवढंच होतं, की वाटेत कुणीतरी आपलं माणूस असावं. पंक्चर झालं, पोराला ताप आला तर? म्हणून महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत ओळख झालेल्या वॉटसनव्हिलच्या एकनाथच्या कानावर त्यानं सहज घातलं. ‘तुमच्या गावावरून चाललोय’ असं मराठी माणसाला सहज सांगता येत नाही, हे एवढी वर्षं अमेरिकेत काढल्यावर तो विसरला असावा.

“तंबूत?” एकनाथ ओरडला. “आम्ही काय मेलोय का यार? सरळ घरी या. चार फॅमिलीज बोलावतो, पॉटलक करू, प्रत्येकाचा एकेक पदार्थ.”

नाही कसं म्हणायचं? एकनाथनं आणखी दोघांना सांगितलं आणि आठवड्याभरात फोन उलटे येऊ लागले. कुणाकडे दुपारचं जेवण, कुणाकडे ‘आलाच आहात तर’ सत्यनारायण. एका भल्या माणसानं तर व्हॅन घेऊन मागून येतो, दमलात की सायकली आत टाकू, असंही कबूल केलं. आणि सॅलिनसच्या मालिनीकाकूंनी हुकूमच सोडला, दोन रात्री माझ्याकडे. काकू इकडे सगळ्यांच्या आधी आलेल्या. डॉक्टरकाका गेल्यापासून एकट्याच राहत. गुरुदत्तची अमेरिकेतली पहिली दिवाळी त्यांच्याच घरी झाली होती. सॅलिनस समुद्रापासून चांगलंच आत आहे, पण काकूंसाठी वाट वाकडी करायलाच हवी होती.

“सायकलची ट्रिप ठरवतोयस की आपली केळवणं?” संध्यानं नवऱ्याला विचारलं. तो हसला. त्याला वाटलं, बायको गंमत करतेय.

शनिवारी त्यानं नकाशा टेबलावर पसरला आणि नवा बेत मोठ्या हौसेनं निळ्या पेननं काढला. नीला वाकून बघत राहिली. तिची लाल रेघ अधूनमधून कुठंतरी डोकावत होती.

“सो व्हेन डू वी राइड, बाबा?”

“अगं, सकाळी. नाश्ता झाला की. जेवायच्या वेळेला मात्र पोचायचं हं.”

“अँड व्हेन आर यू विथ अस?”

प्रत्येक घरी काय होणार ते त्याला पाठ होतं. पुरुष बाहेर सोफ्यावर ग्रीन कार्ड आणि घरांचे भाव काढून बसणार, बायका स्वयंपाकघरात, आणि मुलं टीव्हीसमोर.

“इट्स ओके, बाबा,” नीला म्हणाली आणि हवा भरायचा पंप गॅरेजमध्ये ठेवायला निघून गेली.

गुरुदत्तला स्वतःची लाज वाटली. त्यानं एकेकाला फोन लावला. आमंत्रण मोडणं त्याच्या रक्तात नव्हतं, पण त्यानं मोडलं. एकनाथनं ‘पक्का अमेरिकन झालास’ म्हणून घेतलं. राहिल्या काकू.

“बरं झालं फोन केलास,” काकूंनी त्याला बोलूच दिलं नाही. “माझी भाची येतेय शिकागोहून. तिला तिथल्या डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या इंडियन दुकानातून गूळ आणायला सांगितलाय. कुमारला गुळाच्या पोळ्या आवडतात ना?”

त्याचा धीरच सुटला. “काकू, ते... ऑफिसचं जरा निघालंय. जमेल असं वाटत नाही.”

मागे काहीतरी हललं. नीला दारात उभी होती. ‘ऑफिस’ हा शब्द तिला कुठल्याही भाषेत कळत होता. तिचा चेहरा बघून तो गडबडला. रिसीव्हरवर हात ठेवून पुटपुटला, “आपण जातोय गं. काकूंना वाईट वाटू नये म्हणून फक्त...”

नीलानं त्याच्या हातातून फोन घेतला. घरातही इंग्रजीत उत्तरं देणारी ती पोर शब्द शोधत शोधत बोलू लागली.

“काकू, बाबा खोटं बोलतात. ऑफिस नाही. आम्ही सायकल जातो. पण मला... मला बाबा पाहिजे. फक्त आम्हाला. चार दिवस.”

मग तिनं फोन बाबाच्या हातात परत दिला.

“गुरुदत्ता,” काकूंचा आवाज बारीक झाला होता. “आमचे डॉक्टर घरी सापडायचे नाहीत, आणि सापडायचे तेव्हा घरभर पाहुणे. पंगती वाढण्यात माझा जन्म गेला, आणि मला त्याचं कौतुक होतं रे. आमचा श्रीरंग लहान होता. काही बोलायचा नाही. ‘इट्स ओके, आई,’ म्हणायचा. आता बॉस्टनला असतो. ये म्हटलं की अजून तेच म्हणतो.”

गुरुदत्तनं नीलाकडे पाहिलं.

“पोर बोलतेय तोवर ऐकून घे,” काकू म्हणाल्या. “आणि खबरदार, माझ्या दारात तुमची एक जरी सायकल दिसली तर. पोळ्या मी पोस्टानं पाठवीन.”

त्यानं फोन ठेवला. नीला त्याच्याकडे टक लावून बघत होती.

“आर वी गोइंग?”

“जातोय,” तो म्हणाला. “तो पंप कुठं ठेवलास, दाखव मला.”