चढावर मी तोंड फिरवते

लेक परत आली तेव्हा तिची कल्पना होती की आई आता थकली असेल, गाडीची किल्ली कुणाच्या तरी हातात कधी एकदा देते असं तिला झालं असेल. दिसली ती भर दुपारी मानेवर ओला रुमाल टाकून, फुलांची खोकी बाजारात पोचवून आलेली आई. उतरताना तिचा तोल गेला. दाराला धरून ती हसली, "काही नाही गं, पाय मुरगळला."

पाय मुरगळला नव्हता. तिला चक्कर आली होती, आणि ती माझ्यामुळे आली होती. मी त्याच जुन्या पिकअपमधली एसीची पट्टी बोलतेय.

मी मागाहून बसवलेली नाही. कारखान्यातून गाडीबरोबरच आले, आणि त्याचा मला कोण तोरा होता! माझ्या अंगावर दोन खटके आहेत. एक निळ्याकडून लालकडे सरकतो. दुसऱ्याच्या वर चित्रं आहेत: काच, माणसाचं तोंड, पाय. खटका ज्या चित्रापाशी, वारा तिकडे. एवढंच माझं काम.

पहिला मालक ठेकेदार होता. तो मला सिमेंटच्या हातांनी ढकलायचा. मग ही आली. तिची फुलांची हरितगृहं नुकतीच उभी राहिली होती आणि माल पोचवायला स्वतःची गाडी हवी होती. बसल्या बसल्या तिने मला रुमालाने पुसलं, खटका निळ्यावर नेला, आणि तोंडावर गार झुळूक आली तेव्हा डोळे मिटून म्हणाली, "अगं बाई!" इतकं कौतुक माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

माझ्या पाठीमागे बारीक रबरी नळ्या आहेत. इंजिन हवा ओढून घेतं, ती ओढ त्यांतून येते आणि तिच्यावर आतल्या झडपा हलतात. वर्षं गेली तशा त्या वाळल्या, एक तडकली. तरी सपाटीवर मी ठीक असते. पण हरितगृहं आहेत खोलगट भागात आणि बाजार टेकडीवर. चढ लागला, इंजिनावर जोर आला, की ओढ कमी पडते. झडपा सुटतात. वारा तोंडावरून काचेकडे वळतो, इंजिनाच्या गरम पाण्याची वाट उघडते आणि तोही कोमट होतो. माझा खटका मात्र निळ्यावरच, तोंडाच्या चित्रापाशी. दिसायला सगळं जागच्या जागी. माझ्या तोंडावरच खोटं लिहिलेलं असतं आणि ते मला पुसता येत नाही.

याहून लाजिरवाणं म्हणजे दर उन्हाळ्याचा तो सोहळा. मिस्त्री येतो, अंगणातच गाडी चालू ठेवून गॅस भरतो, माझ्यासमोर तळहात धरून ओरडतो, "ताई, बर्फ!" आणि मी खरंच बर्फासारखा वारा देते. साहेब वर्गात आले की घडाघडा पाठ म्हणणाऱ्या पोरासारखी. ताई म्हणते, "छान झालं हो, चहा घ्या." गाडी चढाला लागली की मी तोंड फिरवते.

लेक लांबच्या थंड गावी शिकून आली होती. डोक्यात नुसत्या कल्पना. बॅटरीवरची नवी गाडी, आईला आराम, कुणीही उन्हात राबायचं नाही. डॉक्टरांनी आईला उन्हापासून जपायला सांगितल्यावर तिने खोकी बांधणाऱ्या बायकांसमोरच किल्ली काढून घेतली. "आता तू चालवायची नाहीस. उद्या गिऱ्हाईक येतंय, ही गाडी विकायची."

"मालकीणबाई, या आता आमच्यात. देठ कापा," एकजण म्हणाली. सगळ्या हसल्या. आईही हसली, आणि कोरडे हात पुसत राहिली. मला डॅशबोर्डच्या आत शिरावंसं वाटलं. गाडी तिची होती, दोष माझा होता, आणि शिक्षा तिला झाली होती.

त्या दिवशीचा माल लेकीने नेला. आई शेजारी बसली, स्वतःच्याच गाडीत पाहुण्यासारखी. चढ आला आणि मी माझ्या वळणावर गेले. लेकीने खटका पुढे ढकलला, मागे ओढला, माझ्यावर थाप मारली. आईने खोक्याचं झाकण उचललं आणि काचेखालच्या फटीवर तिरपं धरलं. वारा लेकीच्या तोंडावर आला.

"हे काय?"

"असं धरलं की थोडं येतं. चढापुरतंच गं. खाली छान असतं."

"एका हाताने गाडी, एका हाताने झाकण? मिस्त्रीकाकांना सांगितलं नाहीस?"

"कसं सांगू? बिचारा उन्हात एवढा खपतो, वर खुशीत असतो. त्याला काय वाटेल?"

लेकीने गाडी कडेला घेतली. "आणि मला? मला का नाही सांगितलंस?"

"तू किल्लीच मागितलीस. दुसरं काही विचारलंस कुठे?"

लेकीने इंजिन बंद केलं. कान लाल झाले होते तिचे. मग तिने तिथूनच मिस्त्रीला फोन लावला. "काका, इकडे चढावर या. अंगणात नको."

तो आला. कडेलाच दोघांनी मला उचकटलं. लेकीच्या घाईने मला डॅशबोर्डला धरून ठेवणारा माझा एक कान तुटला. तडकलेली नळी मिस्त्रीने बोटांत धरली आणि त्याचा चेहरा उतरला. "ताई, एवढी वर्षं... एक शब्द बोलला असता तर!"

"तुम्ही चहा इतका आनंदाने पीत होता हो," आई म्हणाली. त्यावर तोही हसला, पण हसता हसता मान खाली घातली. नवी नळी बसली. तुटला कान त्याने तारेने बांधला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाइकाचा फोन आला. "गाडी माझी नाही," लेक म्हणाली, "मालकिणीला विचारते." बायका खोकी बांधत होत्या, त्यांच्यासमोरच तिने किल्ली आईपुढे धरली. "आई, ऊन चढायच्या आत निघू या. तू चालव, मी शेजारी बसते. विकायची का नाही, ते वर पोचल्यावर तू सांग."

"आणि वर जाताना गरम आला वारा तर?"

"तर तिथल्या तिथे ओरड. माझ्यावर, काकांवर, हिच्यावर."

आता चढ समोर दिसतो आहे. नळी नवी आहे, पण माझा भरवसा मलाच नाही. ताई, तू माझ्यासाठी आजवर पुष्कळ झाकण धरलंस. आज पुन्हा मी तोंड फिरवलं, तर कृपा करून माझी लाज राखू नकोस.