दोन्ही बाह्या डाव्या

"ताई, मंगळवारी न्या. काजं-बटणं राहिलीत अजून."

हे वाक्य आमच्या ह्यांनी चाळीस वर्षांत हजारो बायकांना ऐकवलं असेल. त्या सकाळी ते मला ऐकवलं, आमच्याच स्वयंपाकघरात, मी चहाचा कप पुढे केला तेव्हा. मी हसले. मग त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांना मी खरोखरच गिऱ्हाईक वाटत होते.

हे शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत दुकान. महिनाभर काहीतरी बिनसलं होतं. बोलता बोलता पेंगायचे, रिकाम्या खुर्चीतल्या माणसाचं माप घ्यायला उठायचे. आदल्या दिवशी तर एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. कापड दुमडून कापलं की एक डावी, एक उजवी आपोआप निघते. ह्यांनी एकाच बाजूनं दोनदा कापलं.

मुलगा म्हणाला, "आई, वय झालंय त्यांचं. दुकान बंद करू आता."

"आणि दिवसभर काय करतील? भिंतींची मापं घेतील?" मी खेकसले खरी, पण कात्री लपवून ठेवली. लपवताना खूप रडले.

त्यांची सर्दीची गोळी संपली म्हणून मी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. दुकानवाल्या बाई तोंडाळ, पण कामात चोख.

"महिनाभर हीच घेतायत? आणखी काय काय चालू आहे?"

त्यांनी मला घरी पिटाळून सगळी पिशवीच आणायला लावली आणि गोळ्या काउंटरवर मांडल्या.

"ही सर्दीची, ही झोपेची, ही लघवीची. डॉक्टर तीन, डोकं एक! अहो, ही सर्दीची नुसतं नाक नाही सुकवत, मेंदूलाही गुंगी आणते. लघवीचीही तसलीच, त्यावर झोपेची. या वयात एवढं एकत्र झालं की भास होतात, घरची माणसंही ओळखू येत नाहीत."

"म्हणजे ते... परत येतील?" मी विचारलं.

"येतील बहुतेक. पण आपल्या मनानं काही बंद करू नका. झोपेची एकदम सोडली तर भलताच त्रास व्हायचा. आजच डॉक्टरांकडे जा, पिशवीसकट."

डॉक्टरांनी सर्दीची बंद केली, लघवीची बदलली, झोपेची थोडी थोडी कमी करत आणली. मी दिवस मोजत राहिले.

बाराव्या दिवशी पुढून हाक आली, "अगं, माझी कात्री कुठं ठेवलीस?"

अगं! या 'अगं'वर मी जन्मभर करवादले असेन. त्या दिवशी तो शब्द कानात साठवावासा वाटला. पिठाच्या डब्यातून कात्री काढली आणि तशीच धावत नेली.

त्यांनी कात्रीवरचं पीठ फुंकलं. मग फळीवरच्या बाह्या दिसल्या. एक उचलली, दुसरी तिच्यावर ठेवून पाहिली.

"हे कोणी कापलं?"

"मी," मी म्हणाले. "तुम्हाला बरं नव्हतं, म्हटलं हातभार लावावा."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग स्टूल पुढे सरकवलं.

"बस इथं. कापड आधी दुमडायचं असतं."

मी बसले आणि पहिल्यांदाच शिकत असल्यासारखी बघत राहिले.