वालाच्या वेलानं वाजवलेला भोंगा

मित्रांनो, गिरणीवरचा मोठा भोंगा तुम्हाला ठाऊक असेल. मी त्या बड्या घराण्यातला नाही. मी एक जुना, वीतभर भोंगा आहे. सेलूजवळ अण्णाजींच्या भाजीच्या वाडीत झटका मशीनला मला जोडलंय. वाडीभोवती तार आहे. रानडुक्कर तारेला भिडलं की त्याला झटका बसतो आणि मी ठणाणा करतो. एवढंच माझं काम, पण ते मी जीव ओतून केलं.

पहिल्याच हंगामात मी डुकरांचा अख्खा कळप पळवला आणि भेंडी वाचली. अण्णाजी चारचौघांत सांगायचे, "मानसापेक्षा हा बरा. झोपत नाई अन् चहाबी मागत नाई!" मी फुशारून जायचो.

त्यांच्या पत्नी लीलाबाई. रिकामी जागा दिसली की त्यांचा हात बियाण्याकडे जायचाच. तारेचे खांब नुसते उभे आहेत, हे त्यांना पाहवेना. त्यांनी खांबाखांबाशी वाल लावला. आता वालाचा वेल तारेपाशी थोडाच थांबणार? त्याची ओली पानं तारेला टेकली आणि मी वाजू लागलो. डुक्कर नाही, रोही म्हणजे नीलगायही नाही, तरी रोज दहादा वाजायचो. लीलाबाई काठी घेऊन धावायच्या आणि रिकामी वाडी पाहून परतायच्या. डुकरं येतात आणि बाई पोचण्याआधीच पळतात, असं अण्णाजींना वाटलं. ती पुन्हा फिरकूच नयेत म्हणून त्यांनी माझा आवाज आणखी वाढवला. आगीत तेलच ते!

दीड वर्ष असंच गेलं. मग मी गप्प असतानाही लीलाबाई दचकू लागल्या. कुकरची शिटी झाली तरी त्यांच्या छातीत धडधड व्हायची. बोरगाव मेघेला मुलगा आदेश राहतो. त्याच्या मुलीचा पहिला वाढदिवस होता. लीलाबाई नवं झबलं घेऊन निघाल्या आणि बसथांब्यावरूनच परत आल्या. "मले नाई जमत जी," म्हणत ओट्यावर बसून रडल्या. नातीचा वाढदिवस आजीविना झाला. माझ्यामुळे! मला स्वतःची फार लाज वाटली.

आरोग्य उपकेंद्रातल्या मोहिनी सिस्टर एका सकाळी त्यांचा रक्तदाब तपासायला वाडीत आल्या. तेवढ्यात मी वाजलो. लीलाबाई ताडकन उठल्या. सिस्टरांनी तारेकडे निरखून पाहिलं, अण्णाजींना मशीन बंद करायला लावलं आणि टेकलेलं पान दाखवलं.

"काकू, तुमच्या डोक्यातबी असाच भोंगा आहे. संकट आलं की शरीर रक्तात एक रस सोडते. छाती धडधडते, पाय पळायले तयार होतात. संकट गेलं की तो रस उतरते. पण रोजच भोंगा वाजला तर तो उतरतच नाई. मंग मेंदू पान हललं तरी घाबरते, अन् 'काही नाई, गप राय' सांगणारा त्याचा भाग कमजोर होते."

"म्हंजे मी येडी नाई झाली?"

"येडी काऊन होसान? थकल्या तुमी. हे बरं होते, पण हळूहळू."

अण्णाजी मान खाली घालून म्हणाले, "माहंच चुकलं. हिले भित्री म्हनत होतो."

त्याच दिवशी वेल तारेवरून उतरले आणि वालाला वेगळा मांडव मिळाला. माझा आवाज कमी झाला. राखणीसाठी शेजारच्या बबनरावांशी पाळ्या ठरल्या. डॉक्टरांचं औषध सुरू झालं, झोप परतली. दोनदा लीलाबाई थांब्यावरून माघारी फिरल्या. तिसऱ्यांदा बसमध्ये चढल्या. दुसऱ्या दिवशी आदेशच्या घरून त्यांचा फोन आला, "अजून चार दिवस राह्यतो मी. पोरगी सोडूनच नाई राह्यली. वाडी तुमीच पाहा!" अण्णाजी हसले आणि डोळे पुसत राहिले. मीही फार सुखावलो.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी उगाच दचकत असेल, तर त्याला भित्रा म्हणून चिडवू नका. त्याच्या मनाला काय टेकलंय ते पाहा, डॉक्टरांकडे न्या. मी भोंगा, मला ओरडण्यावाचून दुसरं काही येत नाही. तुम्हाला मात्र जवळ बसून हळू आवाजात विचारता येतं.